खिडकी कुणाला?

गेल्या महिन्यात आमच्या घरी एक बैठक झाली. विषय होता क्रूझ. हजर होते मी, पत्नी, चिरंजीव, सूनबाई, दहा वर्षांची नात आणि पुण्याहून मुद्दाम बोलावून घेतलेली माझी थोरली बहीण, जिला सगळं घर अक्का म्हणतं. बँकेत असताना कर्जमंजुरीच्या किती बैठकांना बसलो याची मोजदाद नाही. पण इतकी गंभीर तोंडं मी तिथेही पाहिली नव्हती. ‘केबिन’ या शब्दाशी माझा आजवरचा संबंध म्हणजे साहेबाची केबिन. तिच्यात जाताना पोटात जो गोळा यायचा, तो त्या दिवशी पुन्हा आला.

चिरंजीव लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. “बाबा, परवा बघितलं त्याच्यापेक्षा आज दर वाढलेत. आता लांबवण्यात अर्थ नाही,” असं म्हणून त्याने योजना मांडली. तो, सूनबाई आणि नात बाल्कनीच्या केबिनमध्ये. मी आणि पत्नी ‘इनसाइड’मध्ये, म्हणजे खिडकी नसलेल्या आतल्या खोलीत. “नाहीतरी तुम्ही नवाला झोपता. आणि अक्काआत्याला तुमच्याच केबिनमध्ये तिसरा बेड मिळतो. सगळ्यात स्वस्त पडतं.”

मुलगा वाईट नाही. हिशेबही बरोबर होता. मीच त्याला हिशेब शिकवला. २०१८ साली सिंगापूरहून निघणाऱ्या चार रात्रींच्या सहलीला आम्ही दोघं गेलो होतो, तेव्हा मी आतली केबिन घेऊन अठरा हजार रुपये वाचवले होते आणि पुढे वर्षभर ती गोष्ट भेटेल त्याला ऐकवली होती. “खोलीत जायचं ते झोपायला, मिटल्या डोळ्यांना खिडकी कशाला?” हे माझंच वाक्य. ते त्याने पाठ केलं होतं इतकंच.

अक्का म्हणाली, “माझं काय रे, मी कुठेही पडेन.” पत्नी मात्र बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “समुद्र दिसणारच नसेल तर मी बोटीवर येऊन काय करू? भिंत बघायला हे घर आहे की.”

बैठक तहकूब झाली.

हा प्रश्न आता आमच्या एकट्या घरातला राहिलेला नाही. एके काळी क्रूझ म्हणजे सिनेमातली गोष्ट. आता सोसायटीच्या जिन्यात भेटणारा शेजारी “यंदा क्रूझ का?” असं सहज विचारतो. सिंगापूरच्या तीन-चार रात्रींच्या सहली आपल्याकडच्या पर्यटन कंपन्या कितीतरी वर्षं विकत आहेत. २०२१ च्या सप्टेंबरात कॉर्डेलिया कंपनीने ‘एम्प्रेस’ हे जहाज घेऊन मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपच्या फेऱ्या सुरू केल्या. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत ते अलास्का नाहीतर कॅरिबियन करून येतात आणि फोटो दाखवतात. दर वाढताहेत तशी कुठली कंपनी आणि कुठली केबिन ही चर्चा घराघरांत होते आहे. तिच्यात काटकसरीची पहिली कात्री कुणाच्या वाट्याला येते, याकडे लक्ष वेधावं म्हणून हा लेख.

कोकणच्या माणसाला खरं तर बोट नवीन नाही. आमच्या लहानपणी मे महिन्यात गावी जायचं म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून बोटीनेच. ‘रोहिणी’, ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही नावं आम्हांला नातेवाइकांच्या नावांसारखी पाठ होती. बोटीवर शिरल्याबरोबर वडील धावत पुढे जायचे आणि डेकवर वळकटी सोडून पसरायचे. पसरलेली सतरंजी हेच रिझर्वेशन. वर केबिनी होत्या म्हणे. त्यांत कोण बसतं ते आम्ही कधी पाहिलं नाही. जिथे धक्का नव्हता तिथे बोट लांब उभी राहायची आणि लाटांवर हेलकावणाऱ्या पडावात उतरावं लागायचं. वडील जागा धरायचे ती नेहमी कठड्याला लागून, आणि ती आजीची. आजीला बोट लागायची. तिला वारा पाहिजे, तिला क्षितिज दिसलं पाहिजे, म्हणून कठडा तिचा. आम्ही पोरं आतल्या बाजूला, ट्रंकांच्या आणि आंब्यांच्या करंड्यांच्या मधे. डेकच्या तिकिटात खिडकी फुकट होती आणि ती कुणाला द्यायची याची बैठक घ्यावी लागत नव्हती.

आताच्या बोटीवर ती खिडकी विकत मिळते. केबिनींचे ढोबळ चार प्रकार. आतली, खिडकी नसलेली, ‘ओशन व्ह्यू’, म्हणजे न उघडणारी काचेची खिडकी असलेली, बाल्कनीवाली, आणि शेवटचा ‘स्वीट’, ज्याची गोडी ज्याला परवडते त्यालाच ठाऊक. पहिल्या तिघींत पलंग जवळजवळ सारखाच, न्हाणीघर सारखंच, मुख्य भोजनगृहातलं जेवण बहुतेक जहाजांवर तेच. फरक मुख्यतः समुद्र किती दिसतो याचा. म्हणजे आपण जास्तीचे पैसे मोजतो ते समुद्रासाठी, आणि समुद्र तर कंपनीने बांधलेला नाही! पण तक्रार करून उपयोग नाही. चौपाटीवरच्या फ्लॅटचंही तेच आहे.

गंमत अशी की एका टप्प्यावर हा भेद मिटेल असं वाटलं होतं. १९८४ साली ‘रॉयल प्रिन्सेस’ नावाचं जहाज पाण्यात उतरलं. डायना राजकन्येच्या हस्ते त्याचं नामकरण झालं होतं. त्याचं वैशिष्ट्य हे की त्याच्यातली प्रत्येक प्रवासी केबिन बाहेरच्या बाजूला होती. आतली केबिन एकही नाही. पुढे जहाजं फुगत गेली. जहाज जितकं रुंद तितका त्याच्या पोटात अंधार जास्त, आणि तो अंधारही विकायचा असतो. मग शकली निघाल्या. २००९ सालच्या ‘ओॲसिस ऑफ द सीज’वर जहाजाच्या मधोमध खरी झाडं लावून बाग केली आणि त्या बागेकडे तोंड करून बाल्कन्या काढल्या. समुद्रावर जाऊन बाग बघायची. २०१४ साली ‘नॅव्हिगेटर ऑफ द सीज’वर आतल्या केबिनच्या भिंतीवर उभा पडदा बसवला आणि बाहेरचा समुद्र कॅमेऱ्याने त्याच्यावर दाखवला. हुशारी आहे, नाही कशाला म्हणू! पण वारा पडद्यातून येत नाही.

आता दरांकडे वळू. ते का वाढले? बँकेतल्या माणसाला याचं उत्तर ताळेबंदात सापडतं. मार्च २०२० मध्ये जगभरच्या क्रूझ थांबल्या आणि अनेक कंपन्यांची जहाजं वर्षभराहून अधिक काळ रिकामी उभी राहिली. रिकामं जहाजही खर्च करतं. माणसं, इंधन, विमा, देखभाल चालूच. जुनी जहाजं तुर्कस्तानातल्या आलिआगाला आणि आपल्या अलंगला भंगारात गेली. मुंबईहून २०१९ साली मोठ्या हौसेने सुरू झालेल्या जलेश कंपनीचं ‘कर्णिका’ही अलंगच्या किनाऱ्यावरच संपलं. जगल्या त्या कंपन्या कर्ज काढून जगल्या. कार्निव्हलसारख्या सगळ्यांत मोठ्या कंपनीच्या डोक्यावरचं कर्ज तीस अब्ज डॉलरच्या वर गेलं. माझा अनुभव असा की कर्ज कुणीही काढो, फेडतो तो गिऱ्हाईक.

त्यात गिऱ्हाईकही तुटून पडलं. दोन वर्षं घरात कोंडलेल्या जगाला समुद्राची ओढ लागली आणि जहाजं भरून जाऊ लागली. शिवाय युरोपीय संघाने २०२४ पासून जहाजांच्या कार्बन उत्सर्जनावर पैसे आकारायला घेतले. ग्रीसने १ जुलै २०२५ पासून सँटोरिनी आणि मिकोनोसला हंगामात उतरणाऱ्या क्रूझच्या प्रवाशाकडून माणशी वीस युरो घ्यायला सुरुवात केली. आणि आपल्याला वेगळा दंड आहे तो रुपयाचा. २०१४ साली डॉलर साठ रुपयांच्या आसपास होता. डिसेंबर २०२५ मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. तिकडे डॉलरमधला दर एका सेंटने वाढला नाही असं धरलं, तरी इकडे तीच केबिन दीडपट महाग झाली.

म्हणून जाहिरातीतला आकडा वाचायला शिकलं पाहिजे. पहिली गोष्ट, तो आकडा ‘माणशी’ असतो आणि केबिनमध्ये दोघं आहेत असं धरून असतो. दुसरी, बंदराचे कर त्यात आहेत की नाहीत ते बारीक अक्षरात असतं. तिसरी बक्षिसी. बहुतेक मोठ्या अमेरिकी कंपन्या माणशी दिवसाला साधारण सोळा ते वीस डॉलर सेवकांच्या नावाने खात्यावर टाकतात. सात रात्रींचे दोघांचे झाले २२४ ते २८० डॉलर, म्हणजे नव्वदच्या भावाने वीस ते पंचवीस हजार रुपये. एवढ्यात आमच्या पिढीचा सत्यनारायण दोनदा झाला असता, जेवणावळीसकट. चौथी गोष्ट, किनाऱ्यावरच्या सहली, पेयं आणि इंटरनेट वेगळं. पाचवी, जहाजावरचा डॉक्टर महाग असतो, तेव्हा विमा हवाच. सहावी, व्हिसा. सिंगापूरहून निघून मलेशियाला जाऊन परत येणाऱ्याला सिंगापुरात दुसऱ्यांदा शिरायचं असतं. त्याला अनेक प्रवेशांचा व्हिसा लागतो हे धक्क्यावर कळून उपयोग नाही. आणि परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस घेतात, त्याने घाबरू नये. त्याचे दर गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत, तेव्हा पैसे भरताना विचारून घ्यावं. पण तो खर्च नव्हे. आयकराच्या विवरणपत्रात त्याची वजावट किंवा परतावा मिळतो. या सगळ्याची बेरीज करावी आणि तिला रात्रींच्या संख्येने भागावं. येईल तो खरा दर. जाहिरातीतला आकडा म्हणजे लग्नाच्या पत्रिकेतला मुहूर्त; वरात कधी निघेल ते वेगळंच.

कंपनी कुठली घ्यावी? मी म्हणेन, आधी आपल्याबरोबर कोण आहे ते पाहावं. मुलं असतील तर रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्यांची घसरगुंड्या आणि चढायच्या भिंती असलेली अजस्र जहाजं त्यांना स्वर्ग वाटतात. आजोबांना तीच जत्रा वाटते. वायकिंग कंपनी समुद्रावरच्या सफरींना अठरा वर्षांखालच्यांना घेतच नाही आणि जुगारघरही ठेवत नाही. दर अर्थातच चढे. सिल्व्हरसी, रीजंट अशा कंपन्यांच्या दरात पेयं आणि बक्षिसी आधीच धरलेली असते; त्यांचा आकडा बघून डोळे फिरतात, पण स्वस्त वाटणाऱ्या जहाजाची बेरीज पूर्ण केल्यावर अंतर वाटतं तेवढं राहत नाही. आणि ज्यांचं पोट वरणभाताशिवाय भरत नाही त्यांनी जेवणाची चौकशी आधी करावी. आठ दिवस उकडलेल्या भाज्या खाऊन समुद्र सुंदर दिसत नाही.

जहाज किती मोठं, यापेक्षा माणशी जागा किती, हे विचारावं. त्याचं एक साधं गणित आहे. जहाजाचं ‘ग्रॉस टनेज’ हे वजन नसतं. ते आतल्या एकूण जागेचं माप असतं. त्याला प्रवाशांच्या संख्येने भागायचं. जानेवारी २०२४ मध्ये निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’चं हे माप २,४८,६६३, केबिनमागे दोघं धरले तर प्रवासी ५,६१०. भागाकार चव्वेचाळीस. पण मुलांच्या सुट्टीत तिसरे-चौथे पलंग भरले की प्रवासी ७,६०० पर्यंत जातात आणि भागाकार तेहेतिसाच्याही खाली येतो. जहाज तेच, समुद्र तोच. पण सुट्टीत आपण जास्त पैसे देऊन कमी जागा विकत घेतो. ज्यांना शाळेचं बंधन नाही, त्या निवृत्तांनी तरी सुट्टीचा हंगाम टाळावा. निवृत्तीचे म्हणून जे मोजके फायदे आहेत त्यांत हा एक.

केबिनची जागाही पाहावी. ज्यांना बोट लागते त्यांनी जहाजाच्या मधली आणि खालच्या मजल्यावरची घ्यावी. पाळण्याचं असतं तसं. टोकं हलतात, मधला भाग कमी हलतो. वर आणि खाली केबिनीच असलेला मजला उत्तम. डोक्यावर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचे आवाज, आणि पायाखाली नाचघर असेल तर रात्री दोनपर्यंत ठेका. खिडकीसमोर जीवरक्षक होडी टांगलेली नाही ना, ते नकाशात बघावं. नाहीतर ‘ओशन व्ह्यू’चे पैसे भरून नारिंगी होडीचं पोट बघत बसाल. ‘गॅरंटी’ नावाची केबिन स्वस्त असते. तिच्यात प्रकाराची हमी असते, जागेची नाही. कंपनी देईल ती घ्यायची. आणि गुडघे दुखणाऱ्यांनी लिफ्टजवळची घ्यावी. ‘आयकॉन’ची लांबी सुमारे ३६५ मीटर आहे, चष्मा विसरला म्हणून टोकाच्या केबिनपर्यंत जाऊन येणं म्हणजे वाणसामान आणायला जाण्याइतकी रपेट होते.

हे सगळं मी वहीत लिहून काढलं आणि तहकूब बैठक पुन्हा भरवायच्या आदल्या रात्री पत्नीला वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “सिंगापूरला एके पहाटे तुम्ही मला शोधत वर आला होता, आठवतं?”

आठवत होतं. तिसऱ्या दिवशी पाचला जाग आली तर ही बिछान्यात नव्हती. वर डेकवर एका लाकडी बाकावर शाल पांघरून बसलेली सापडली. “झोप येत नव्हती,” म्हणाली. मला ते खरं वाटलं.

“मी चारही दिवस पहाटे तिथे जाऊन बसत होते,” ती म्हणाली. “त्या खोलीत मधेच जाग आली की रात्र आहे की दिवस, काही कळायचं नाही. छातीत धडधडायचं. दिवा लावला असता तर तुमची झोप मोडली असती. जिन्यावरून लिफ्टपर्यंत यायची दुसऱ्या दिवशीपासून सवय झाली.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही अठरा हजार वाचवल्याचं सगळ्यांना सांगत होता. कशाला विरजण घालायचं?”

पस्तीस वर्षं कर्जाचे अर्ज तपासले. समोरचा काय लपवतो आहे ते त्याच्या बोलण्यावरून ओळखण्याचा मला गर्व होता. घरातल्या खात्यात सात वर्षं एवढी नोंद राहून गेली आणि माझ्या ध्यानात आली नाही.

सांगायचा मुद्दा हा की दर वाढले की आपण सगळ्यांत आधी खिडकीला कात्री लावतो, आणि ती लागते जो “मला काय, कुठेही चालेल” म्हणतो त्याला. आपल्या घरांत हे वाक्य बोलणारी माणसं ठरलेली असतात. सिंगापूरच्या त्या जहाजावर आमच्या टेबलाला एक कुटुंब होतं. मुलगा-सून वरच्या मजल्यावर बाल्कनीत आणि सत्तरीचे आईवडील खाली आतल्या केबिनमध्ये. मुलं दिवसभर तलावावर, दुकानांत, नाटकाला; बाल्कनीची खुर्ची रिकामी. म्हातारी माणसं दुपारी पाय दुखतात म्हणून खोलीत, भिंतीकडे बघत. खिडकी एकीकडे आणि डोळे दुसरीकडे. सहलीचे पैसे वडिलांनीच भरल्याचं त्यांनी मला दुसऱ्या दिवशी अभिमानाने सांगितलं. मीही मान डोलावली होती. स्वतःच्या केबिनचा विचार त्या वेळी मनात आला नाही.

तरुण माणसाला आतली केबिन खरंच उत्तम. तो खोलीत असतो कधी? जो दिवसाचे सहा तास खोलीत काढणार, त्याच्यासाठी खिडकी ही चैन नव्हे. तेव्हा केबिन ठरवताना ‘लवकर कोण झोपतं’ हे विचारू नका. ‘जागेपणी खोलीत कोण असणार’ हे विचारा.

मग पैसे कुठून आणायचे? रात्री कमी करा. समजा, आतली केबिन दोघांना रात्रीला वीस हजार पडते आणि खिडकीची बत्तीस हजार. आतल्या केबिनमध्ये पाच रात्री काढल्या तर एक लाख. खिडकीत तीन रात्री काढल्या तर शहाण्णव हजार. पाच रात्री भिंतीपेक्षा तीन रात्री समुद्र केव्हाही बरा. लांबच्या सफरीला हे जमत नाही, हे कबूल; अलास्कापर्यंतचं विमानभाडं भरून तीन रात्रींत परतणं शहाणपणाचं नाही. तिथे हंगामाच्या कडेचे दिवस बघावेत, जुनं जहाज घ्यावं, पेयांचं पॅकेज सोडावं. काय सोडायचं त्याची यादी मोठी आहे; तिच्यात खिडकी शेवटी लिहावी.

राहिला अक्काचा प्रश्न. तिसरा बेड म्हणजे काय, याची मी चौकशी केली. पुष्कळ जहाजांवर तो छतातून खाली ओढायचा असतो आणि त्यावर शिडीने चढायचं असतं. अक्का बहात्तर वर्षांची आहे. मुलाला हे ठाऊक नव्हतं. कळल्यावर त्याचा चेहरा उतरला. मग तिला वेगळी केबिन घेऊ म्हटलं, तर एकट्या माणसाला बहुतेक कंपन्या जवळजवळ दोघांचं भाडं लावतात. त्यांचं म्हणणं, केबिन दोघांची आहे, एक पलंग रिकामा राहतो त्याचं काय? व्यापाराच्या दृष्टीने चूक नाही. नॉर्वेजियन कंपनीने २०१० साली ‘एपिक’ जहाजावर एकट्यासाठी छोट्या केबिनी बांधल्या, तशा इतरांनीही थोड्याफार बांधल्या; पण त्या मोजक्या आणि लवकर भरणाऱ्या.

बँकेत जोडप्यांच्या खात्याला आम्ही ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ म्हणायचो. दोघांपैकी कुणीही, किंवा मागे राहील तो. एक गेला तरी दुसऱ्याचा हक्क शाबूत. अक्का आणि भावोजींचं खातं माझ्याच शाखेत, माझ्याच हाताने उघडलेलं. भावोजी गेले तेव्हा अक्काला खात्यावर एक सही बदलावी लागली, बस. मागे राहिलास, सबब दोघांचे चार्जेस भर, असं बँकेने तिला म्हटलं नाही. जहाज म्हणतं. जगातल्या जहाजांना आपण सुधारू शकत नाही. पण आपल्या घरच्या बैठकीत तो भार कुणावर टाकायचा हे आपल्या हातात असतं.

दुसऱ्या बैठकीत निर्णय झाला. मुंबईहूनच निघायचं, म्हणजे विमानभाडं नाही. पाचऐवजी तीन रात्री. मुलगा आणि सूनबाई आतल्या केबिनमध्ये. “आम्ही खोलीत असणार कधी?” हे सूनबाईच आधी म्हणाली, याची इथे नोंद करतो. आम्हां दोघांना खिडकी. आणि अक्का व नात मिळून एक केबिन, तीही खिडकीची. म्हणजे अक्काला दोघांचं भाडं नाही आणि शिडीही नाही. नातीचं भाडं तिसऱ्या पलंगापेक्षा जास्त पडलं, ते दोन रात्री कमी केल्यातून निघालं. दक्षिणेकडे जाताना डाव्या बाजूच्या केबिनी घ्या, असं मी सुचवलं; उजवीकडे नुसता समुद्र आणि सूर्यास्त, डावीकडे कोकण. बोट किनाऱ्यापासून लांबून जाईल, काही दिसेलच असं नाही. पण एखादं दीपगृह लुकलुकलं तर नातीला दाखवायला अक्का असेल.

चिरंजीवांनी बटण दाबलं तोवर दर पुन्हा थोडा वाढला होता. यावेळी कुणी काही बोललं नाही.

अक्का तेवढी जाताना दारात थबकली. “अरे, खिडकी उघडत नाही म्हणतोस ना? मग वारा नाही लागायचा.” मी म्हटलं, “वर डेक आहे की. डेक अजून सगळ्यांचा आहे.”

“मग बरोबर लिंबू घेते,” ती म्हणाली. “आजी घ्यायची.”